टपालाचा तास

आज पेर्ममधल्या कुठल्याही पोराला सांगून बघा, की एके काळी या शहरातली काही शहाणीसुरती माणसं रोज सकाळी साडेसात ते साडेआठ घरच्या फोनला हात लावत नसत, बायकोलाही लावू देत नसत. पोरगं हसेल. हसू दे. त्याच्या खिशात फोन आहे आणि तो दिवसभर किणकिणत असतो. फोन वाजण्याची वाट बघणं म्हणजे काय असतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

त्या माणसांचा म्होरक्या होता वेन्यामिन ल्वोविच चुदिनोव. वेन्या. मोतोविलिखा भागात पाचमजली, काँक्रीटच्या पॅनेलच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचा, कारखान्यात मापनयंत्रं तपासायचा, आणि उरलेला सगळा जीव त्याने फिडोला वाहिला होता. फिडो म्हणजे हौशी लोकांचं संगणकांचं जाळं. त्याला मालक नाही, कचेरी नाही, पगारी माणूस नाही. घरातला संगणक, त्याला जोडलेला मोडेम आणि घरचाच साधा टेलिफोन. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, साचलेली पत्रं द्यायची, त्याच्याकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा. असं करत पत्र या घरातून त्या घरात, या शहरातून त्या शहरात जायचं. पेर्ममध्ये सोमवारी सांगितलेल्या विनोदावर ओम्स्कमधला माणूस गुरुवारी हसायचा, आणि तो हसला हे इकडे रविवारी कळायचं. पण काय सांगू, त्या रविवारच्या हसण्याला जी चव होती ती आता कुठे!

सॉफ्टवेअर सगळं अमेरिकन हौशी लोकांनी लिहिलेलं. त्यांना रशियन लिपी स्वप्नातही आली नसणार. रशियन मोठा 'न' दिसला की ते सॉफ्टवेअर तो सरळ गिळून टाकायचं. निकोलाय लिहिला की पलीकडे इकोलाय पोचायचा. मग लोकांनी युक्ती काढली, त्या जागी तसंच दिसणारं इंग्रजी एच टाकायचं. सगळे टाकायचे. शाळेत मास्तरांनी शिकवलेली अक्षरं या लोकांनी अशी आनंदाने बदलून घेतली होती.

अशा प्रत्येक घराला नोड म्हणायचे. नोडला नंबर, आणि सगळ्या नोडांची एक यादी: नाव, गाव, फोन नंबर. यादी दर शुक्रवारी नवी निघायची आणि त्या यादीवरूनच यंत्रं एकमेकांना फोन लावायची. यादीत नाव असणं ही त्या काळी मिरवायची गोष्ट होती. आणि यादीत राहायचं तर एकच मोठा धर्म पाळायचा: टपालाचा तास. त्या तासाला तुमचा मोडेम जागा पाहिजे आणि तुमची लाइन मोकळी पाहिजे. लिस्बनपासून व्लादिवोस्तोकपर्यंत सगळ्यांचा तो एकच तास, फक्त प्रत्येकाच्या घड्याळात वेगळा. पेर्मच्या हिवाळ्यात तो पडायचा साडेसात ते साडेआठ. बाहेर धड उजाडलेलंही नसायचं.

वेन्या शहराचा संयोजक होता. म्हणजे यादी करायची त्याने, भांडणं मिटवायची त्याने, आणि येकातेरिनबुर्गहून येणारी सगळ्या शहराची पत्रं उतरून घ्यायची त्यानेच. ऑक्टोबरात त्याने एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं झाडूवाला. टपालाच्या तासात झाडूवाला शहरातल्या एकेका नोडला फोन लावून बघायचा. ज्याने उचलला नाही, त्याच्या नावावर फुली. एका आठवड्यात तीन फुल्या झाल्या की झाडूवाला त्याला शुक्रवारच्या यादीतून आपोआप झाडून टाकायचा. दयामाया नाही.

हा नियम रविवारच्या बैठकीत मताला टाकला होता. बैठक म्हणजे कामा नदीच्या काठच्या एका खाणावळीत सगळ्यांनी जमायचं, बियर प्यायची, गरमागरम पोसिकुंचिकी, म्हणजे खिमा भरून तळलेल्या छोट्या करंज्या, खायच्या. चावा घेतला की त्यातला मटणाचा रस्सा शेजाऱ्याच्या चष्म्यावर उडतो, इतक्या त्या रसाळ असतात. त्या गदारोळात शमिल गालेयेव उठला. ट्रॉलीबस डेपोतला इलेक्ट्रिशियन, वेन्याचा जुना दोस्त.

"वेन्या, एक ओळ घाल रे," शमिल म्हणाला. "'सबळ कारण असेल तर माफ.' माणसं आहोत आपण."

"एकदा कारणाला दार उघडलं की उद्या प्रत्येकाची आजी आजारी पडते," वेन्या म्हणाला. "मोडेमला आजी नसते, शमिल."

सगळे खो खो हसले, हात वर झाले, नियम झाला. आणि झाडूवाल्याच्या तावडीत पहिला सापडला तो शमिलच! त्याच्या सासूबाईंना सकाळी उठल्या उठल्या बहिणीला फोन करून रात्रीची स्वप्नं सांगायची सवय. तीन दिवस तीन स्वप्नं, शमिल यादीबाहेर. त्याने वेन्याला पत्र टाकलं, "सासू हे सबळ कारण नाही का? तुला सासू आहे ना रे?" वेन्याने उत्तरात फक्त नियमाचा आकडा लिहिला. त्यानंतर शमिल रविवारी यायचा, बियर प्यायचा, पण वेन्याच्या बाजूला बसायचा नाही.

जानेवारीच्या मध्यावर एका संध्याकाळी वेन्याची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या कापितोलिना साव्विश्ना उभ्या. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. सगळी इमारत त्यांना कापामावशी म्हणायची. हातात शांग्यांची, म्हणजे वर बटाटा थापून भाजलेल्या गोल पावांची ताटली, वर रुमाल झाकलेला.

"वेन्या, बाळा, तुझा फोन बरा आहे ना?" कापामावशींनी विचारलं.

"बरा आहे की, मावशी. का हो?"

"माझा सकाळचा मुका होतो. कानाला लावला तर नुसता दगड. साडेआठ वाजले की पुन्हा बोलायला लागतो. मी म्हटलं थंडीने होत असेल."

वेन्याने मावशींची नजर चुकवली. कारण थंडीबिंडी काही नव्हती. वेन्याची आणि कापामावशींची लाइन जुळी होती. नंबर वेगळे, पण तार एकच. तेव्हा निम्म्या शहरात तसंच होतं. एकाने रिसीव्हर उचलला की दुसऱ्याचा फोन मेला. बाहेरून कुणी लावला तर त्याला एंगेज ऐकू येणार. वेन्याला हे काय माहीत नव्हतं होय! पण सकाळी साडेसातला म्हातारीला कोण फोन करणार, असं त्याने मनाशी धरलं होतं आणि पुढे विचार म्हणून केला नव्हता.

वेन्याची बायको रिम्मा आतून आली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि घरातही फारसं खपवून घ्यायची नाही. तिने मावशींना बसवलं, चहा दिला. चहाबरोबर हळूहळू सगळं बाहेर आलं.

मावशींची तमारा, एकुलती एक, उन्हाळ्यात नवऱ्याला सोडून एका भूगर्भवाल्याच्या मागे पार पूर्वेच्या टोकाला, मगादानला गेली होती. स्टेशनावर मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. "मी बोलून गेले हो," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, जातेस तर जा, पण मला तुझा आवाज ऐकायचा नाही. जिभेला काय, हाड थोडंच असतं!" तमारा तिकडे वसतिगृहात राहते, तिथे फोन नाही. ऑफिसातल्या फोनवरून दुपारच्या सुटीत तेवढं पेर्मला बोलता येतं. आणि मगादानची दुपारची सुटी म्हणजे पेर्मची सकाळ. साडेसात ते साडेआठ.

"ऑक्टोबरपासून लावतेय पोरगी," मावशींनी शालीच्या टोकाने नाक पुसलं. "रोज एंगेज. तिला वाटतंय, तिच्या वेळेला मी मुद्दाम रिसीव्हर काढून ठेवते."

"तुम्ही तिला कळवलं नाही?" रिम्माने विचारलं.

"तार केली ना! आधी वाटलं फोनच बिघडलाय. मग खालचा प्लंबर म्हणाला, वरच्या चुदिनोवचं यंत्र सकाळभर फोनवर बोलत असतं. तेच तारेत लिहिलं. 'फोन शेजाऱ्याचं यंत्र अडवतं.' तिचं उत्तर काय आलं माहितेय? 'आई, तुला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.' तिकडच्या पोस्टातल्या फोनवर तिला बोलावलं, मी इकडच्या पोस्टात अर्धा दिवस बाकावर बसले, ती आलीच नाही. आणि आता हे पत्र. महिनाअखेरपर्यंत लावत राहीन म्हणते. मग नाही लावणार. मलाही मन आहे म्हणते."

"शेजाऱ्यांच्या फोनवरून, मावशी? पहिल्या मजल्यावरच्या—"

"नको. माझाच फोन वाजला पाहिजे, वेन्या. तिला वाटतंय तोच मी बंद केलाय."

मावशी एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर वेन्याला बरं वाटलं असतं. त्या जाताना उलट म्हणाल्या, "तुझं काही सरकारी काम असेल तर राहू दे हो. मी आपलं विचारलं." दार लागलं आणि रिम्मा वळली.

"सरकारी काम!" ती म्हणाली. "सांग ना त्यांना. ओम्स्कमधल्या कुणालातरी विनोद पाठवायचा असतो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी वेन्याने झाडूवाला बंद केला. मोडेमची तारही काढली. त्याला वाटलं, झालं, सुटलो. पण साडेसात वाजले आणि त्याचा फोन घणाघणा वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. थांबला, पुन्हा. वेन्या कपाळाला हात लावून बसला. सगळ्या शहराची यंत्रं त्याच्याकडे पत्रं द्यायला-घ्यायला येत होती, येकातेरिनबुर्ग येत होतं, आणि कुणी उचलत नाही म्हटल्यावर सगळी पिसाळल्यासारखी पुन्हा पुन्हा लावत होती. त्यांना तसं त्यानेच शिकवलं होतं. घंटा वाजतेय तोवर लाइन अडलेलीच, मग रिसीव्हर उचला नाहीतर नका उचलू. खाली कापामावशी फोनपाशी स्टूल टाकून बसल्या असतील, हे त्याला चौथ्या मजल्यावरून दिसत होतं.

टेलिफोन खात्यात लाइन वेगळी करून मिळायची, पण त्या रांगेत माणसं म्हातारी होत. वेन्याने येकातेरिनबुर्गच्या प्रादेशिक संयोजकाला लिहिलं, पेर्मपुरता तास हलवता येईल का? उत्तर आलं, "जरूर. तुझ्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते असं लिस्बनला कळवतो." तो माणूस दुष्ट नव्हता. वेन्यानेच त्याला दोन वर्षं नियमांवरून छळलं होतं, तेव्हा त्याने उट्टं काढलं.

त्या संध्याकाळी वेन्या संगणकासमोर कितीतरी वेळ नुसता बसला. यादीत त्याचा फोन नंबर आहे तोवर यंत्रं फोन लावणार. नंबर काढायचा तर तो नोड उरत नाही, आणि नोड नाही तो शहराचा संयोजक कसला? म्हणजे यादीही दुसऱ्याच्या हाती द्यायची, येकातेरिनबुर्गची पत्रंही, झाडूवालाही. पेर्ममधला पहिला नोड त्याचा होता. त्याच्याआधी या शहरात फिडो नव्हतं. बाप वारला तेव्हासुद्धा त्याने टपालाचा तास चुकवला नव्हता, आधी तास आणि मग स्मशान.

"काय बघतोस?" रिम्माने विचारलं.

"बघतोय, दुसरा काही मार्ग आहे का."

"आहे की. गप्प बसायचं. त्या बाई काही पुन्हा विचारायला यायच्या नाहीत." रिम्मा उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा आवाज आला, "दुसऱ्यांची अंगणं झाडायला फार हौस असते तुला!"

शहरात चांगली, एकटी लाइन आणि धड मोडेम असलेला माणूस एकच होता. वेन्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ट्रॉलीबस डेपोत गेला. शमिल एका ट्रॉलीबसच्या छतावर चढून वरच्या विजेच्या तारेला टेकणारा दांडा दुरुस्त करत होता.

"ओहो! संयोजकसाहेब!" शमिल वरूनच ओरडला. "यादीतून तर काढलंस, आता काय शहरातून काढायला आलास?"

"खाली ये, शमिल."

"तूच वर ये. गरज तुला दिसतेय."

वेन्या शिडी चढून वर गेला. उणे पंचवीस थंडी, खाली गोठून कडक झालेला बर्फ, आणि छतावर दोघं बसलेले. वेन्याने सगळं सांगितलं. मगादान, तार, महिनाअखेर. शमिल ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याच्या मिशीखाली हसू जमायला लागलं.

"काय रे, मोडेमला आजी नसते ना?"

"नसते," वेन्या म्हणाला. "खालच्या मजल्यावर मात्र आहे एक."

शमिल इतका हसला की त्याचा पाना हातातून सुटून खाली पडला. मग त्याने मिशीवरचा बर्फ पुसला. "आणि माझ्या सासूवर काय उत्तर दिलं होतंस? नियम क्रमांक सात. ती म्हातारी रडली रे त्या दिवशी. म्हणाली, माझ्यापायी जावयाचं नाव कापलं. लाजून इझेव्हस्कला धाकटीकडे गेली, ती अजून आलेली नाही. लाइन मोकळी झाली माझी, पण घर कसं खायला उठतं. बायको रोज बोलून दाखवते."

  वेन्या म्हणाला, "चुकलो, शमिल. तू म्हणालास ते बरोबर होतं. आता शहर तू घे."

"आणि तू?"

"मी तुझा पॉइंट होईन."

पॉइंट म्हणजे या जाळ्यातला सगळ्यात खालचा माणूस. यादीत त्याचं नाव नाही, त्याला कुणी फोन लावत नाही. आपल्या सवडीने नोडाला फोन लावायचा आणि त्याच्या दारातून आपली पत्रं उचलून आणायची. नवशिके पॉइंट होत.

"तू? माझा पॉइंट?" शमिलने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बरं. पण ती ओळ मी घालणार. आणि तुझा झाडूवाला राहील, मात्र झाडण्याआधी मी स्वतः त्या माणसाला फोन करून विचारणार, बाबा रे, काय झालं, घरी सगळं ठीक ना? कबूल?"

"कबूल. आणि सासूबाईंना मी पत्र लिहितो."

"पत्र नको. आंबट चेरीचा मुरंबा पाठव. त्यांना नियमांपेक्षा तो कळतो."

येकातेरिनबुर्गच्या माणसाने या खेपेला थट्टा केली नाही. शुक्रवारची यादी वेन्यानेच केली, शेवटची. शमिलचं नाव वर लिहिलं, त्याचा नंबर लिहिला, चार वेळा तपासला. मग स्वतःची ओळ निवडली. चुदिनोव, पेर्म, फोन. एक कळ दाबली की संपलं. रिम्मा चहा घेऊन आली तेव्हा ओळ गेलेली होती आणि वेन्याचे डोळे लाल झाले होते.

"तुझं नाव कुठाय?" तिने विचारलं.

"नाही."

रिम्मा आयुष्यात पहिल्यांदा त्या संगणकापाशी खुर्ची ओढून बसली. "दाखव मला," ती म्हणाली, "कुठे होतं ते." त्याने रिकामी जागा दाखवली. ती बघत बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवून.

सोमवार उजाडला, महिन्याचा शेवटचा. साडेसात वाजले. फोन गप्प. वेन्या समोर बसून राहिला. रिसीव्हर उचलून लाइन मोकळी आहे की नाही बघावं म्हटलं, तर उचलला की खालचा फोन मेला! हात मांड्यांखाली दाबून बसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पावणेआठला फोन वाजला. त्याचाच. वेन्याने झडप घालून उचलला तर कानात मोडेमची किंकाळी. कुठल्यातरी आळशाने नवी यादी लावलीच नव्हती. "ठेव! ठेव, मूर्खा!" वेन्या यंत्रावर ओरडला आणि फोन आपटला. ते पुन्हा लागलं. पुन्हा. नाश्त्याची पोळी करपवून रिम्मा धावत आली. साडेआठपर्यंत असंच चाललं. साडेआठनंतर शमिलने छडा लावला, शेजारच्या कुंगूर गावचा एक सुस्त दाढीवाला निघाला. शमिलने त्याला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दाढीवाल्याने घाबरून त्याच दिवशी यादी बदलली.

मंगळवारी सगळं शांत होतं. वरही आणि खालीही. वेन्याने जिन्यात मावशींना पाहिलं, त्या पावाची पिशवी घेऊन चढत होत्या. "फोन बोलतो हं आता सकाळचा," त्या म्हणाल्या. "मी एकदा उचलून पाहिला, आवाज येतो. मग पटकन ठेवला." तमाराचा फोन आला का, हे त्याने विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. बहुतेक सोमवारी ती लावून बघून, एंगेज ऐकून, कंटाळली असावी, हे वेन्याच्या डोक्यातून दिवसभर जाईना. कारखान्यात त्याने तीन मापं चुकीची घेतली. त्या कुंगूरच्या दाढीवाल्याला मनातल्या मनात बुडवून मारलं, आणि मग स्वतःलाही.

बुधवार शेवटचा दिवस. एकतीस जानेवारी. पहिल्या तासाला येत नाही असं शाळेत कळवून रिम्मा घरी थांबली. दोघं स्वयंपाकघरात बसले, रेडिओ बंद, किटली बंद. आठ वाजले. सव्वाआठ वाजले. वेन्या जमिनीकडे बघत होता. पॅनेलच्या इमारती, खालच्याने खोकलं तर वरचा म्हणतो काळजी घ्या.

आणि खाली फोन वाजला.

एकदा वाजला, दुसऱ्यांदा नीट वाजूही दिला नाही मावशींनी. "हॅलो!" त्यांचा ट्रामवाला आवाज जमीन फोडून वर आला. "तमारा! तमारा, फोन ठेवू नकोस!" मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, "होतं ग! खरंच यंत्र होतं! नाही, मी नाही काढून ठेवला! अग देवाशपथ!" मग रडवेला, चिडलेला, "मी कशाला खोटं बोलू? या वयात शोभतं का मला खोटं बोलणं?"

रिम्माने वेन्याकडे पाहिलं. तेवढ्यात खालून हीटरच्या नळीवर चमच्याने ठण ठण ठण ठोकल्याचा आवाज आला. या इमारतीत त्याचा अर्थ एकच होता: वरचे, खाली या, ताबडतोब!

वेन्या घरातल्या सपातांवर जिना उतरला. दार उघडंच होतं. अरुंद बोळात मावशी स्टुलावर बसलेल्या, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला. त्यांनी तो त्याच्या हातात कोंबला. "सांग तिला! तू सांग! माझ्यावर विश्वास नाही तिचा!"

वेन्याने रिसीव्हर कानाला लावला. खूप लांबून, वाऱ्यासारख्या खरखरीतून, एका बाईचा थकलेला आवाज आला. "कोण बोलतंय?"

"मी चुदिनोव. वरच्या मजल्यावरचा. तमारा... बाई, चूक माझी आहे. आमची लाइन एक आहे आणि माझं यंत्र रोज सकाळी तासभर बोलायचं."

"कुणाशी?"

"दुसऱ्या यंत्रांशी."

"आणि काय बोलायचं?" तमाराने विचारलं. तिच्या आवाजात आता थकवा नव्हता, धार होती. "आई पढवतेय ना तुम्हाला? किती दिवस झाले मी वेड्यासारखी लावतेय. लोक हसतात ऑफिसात. यंत्र म्हणे!"

 याद्या, नोड, तास, लिस्बन, काय काय सांगणार? सुटी संपत आली होती तिची. मावशी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, जणू त्याच्या तोंडून आता त्यांचा निकाल निघणार होता. वेन्याने डोळे मिटले, रिसीव्हर तोंडाजवळ धरला आणि तो मोडेमसारखा ओरडायला लागला. "पीऽऽऽप... टींऽऽऽ... डंग, डंग... खर्रर्र... श्श्शऽऽऽ!" एवढा मोठा माणूस, इंजिनियर, त्या बोळात सपाता घालून उभा राहून जीव तोडून किंचाळत होता. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं. वेन्या थांबला नाही. समोरच्या यंत्राची पूर्ण ओळख पटेपर्यंत जेवढे आवाज मोडेम काढतो तेवढे त्याने सगळे काढले, शेवटच्या खरखरीपर्यंत.



तिकडे मगादानला हसू फुटलं. आधी फुसकन, मग मोठ्याने, मग आवरेना इतकं. "पुन्हा करा," तमारा हसत म्हणाली, "देवा, पुन्हा करा!" आणि त्याने पुन्हा करायच्या आत तिचं हसू मोडलं आणि ती रडायला लागली. "मग तिने काढून नव्हता ठेवला?"

"नाही हो. रोज सकाळी स्टूल टाकून फोनपाशी बसायच्या. इथेच बसायच्या. मला आज दिसतंय ते स्टूल."

"आईला द्या."

मावशींनी रिसीव्हर घेतला. कोपराने वेन्याला दाराबाहेर ढकललं, दार लावून घेतलं. वेन्या तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला. आत मावशी रडत नव्हत्या, रागवत होत्या. असल्या थंडीत पायात काय घालतेस म्हणून रागवत होत्या, त्या भूगर्भवाल्याला सूप करता येतं का म्हणून रागवत होत्या, महिनाअखेरची धमकी आईला देतात का म्हणून रागवत होत्या. मध्येच थांबत, तिचं ऐकून घेत आणि पुन्हा सुरू होत. वरून रिम्मा उतरून आली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली. साडेआठ वाजून गेले. तिला शाळेत उशीर झाला, त्याला कारखान्यात. दोघंही उठले नाहीत.